भीष्माचा त्याग आणि त्याची किंमत

भीष्माबद्दल मराठीत दोन गोष्टी एकाच श्वासात बोलल्या जातात. वडिलांच्या सुखासाठी राज्य आणि लग्न दोन्ही सोडणारा तो त्यागाचा मेरुमणी, ही एक. भर सभेत द्रौपदीची विटंबना चालू असताना तो निरुत्तर बसून राहिला, ही दुसरी. पहिली गोष्ट मुलांच्या पुस्तकांत येते, दुसरी कीर्तनात येते, आणि दोहोंचा मेळ घालायची वेळ आली की माणूस थोर होता, एका प्रसंगी चुकला, असे म्हणून विषय संपवला जातो. हा समेट मला पटत नाही. सभेतले मौन हा थोर आयुष्यावरचा एखादा डाग नाही. यमुनेच्या काठी कोळ्यांच्या राजासमोर जी प्रतिज्ञा झाली तिचीच वाट सरळ चालत गेले की माणूस त्या सभेत जाऊन पोचतो. त्याग आणि कर्तव्य या दोन गोष्टी आपण सवयीने एकत्र बांधतो, पण महाभारत त्या सोडवून वेगळ्या ठेवते, आणि भीष्माचे चरित्र हा त्या सोडवणुकीचा सर्वांत मोठा पुरावा आहे, असे मला मांडायचे आहे.

हा विचार रत्नागिरीच्या संदर्भात करण्याला कारण आहे. कर्तव्य म्हणजे काय, दोन कर्तव्यांची टक्कर झाली तर कोणते मोडायचे, या प्रश्नावर गेल्या शतकात मराठी माणसांनी जे सर्वांत खोल लेखन केले त्याचा मोठा भाग या जिल्ह्याशी बांधलेला आहे. ‘गीतारहस्य’ लिहिणारे लोकमान्य टिळक १८५६ साली रत्नागिरीत जन्मले. धर्मशास्त्राचा पाच खंडांचा इतिहास लिहिणारे पांडुरंग वामन काणे १८८० साली चिपळूणजवळच्या पेढे-परशुराम इथे जन्मले, दापोलीत वाढले आणि काही काळ रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलात शिक्षकही होते. ‘युगान्त’ लिहिणाऱ्या इरावती कर्वे ब्रह्मदेशात जन्मल्या, पण सून झाल्या त्या मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांच्या. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांची गीतेवरची प्रवचने ज्यांनी उतरवून घेतली ते साने गुरुजी दापोली तालुक्यातल्या पालगडचे. विद्वानांच्याही पलीकडे, पुराणाला प्रश्न विचारण्याची रीत इथल्या वाडीवाडीत आहे: जाखडीच्या शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात एका बाजूचा शाहीर पुराणातला पेच घालतो आणि समोरच्याला तो सगळ्यांदेखत सोडवावा लागतो. देवादिकांच्या वागण्याचा जाब विचारणे म्हणजे अश्रद्धा, असे तिथे कुणी मानत नाही.

तेव्हा आधी मूळ घटना नीट पाहू. शंतनूने देवव्रताला युवराज नेमलेले होते. ही बाब प्रतिज्ञेच्या कथनात बहुधा गळते आणि तीच महत्त्वाची आहे. राज्य ही त्याची खाजगी मिळकत नव्हती. ती सोपवलेली जबाबदारी होती आणि तिचा दुसरा पक्ष हस्तिनापूरची प्रजा होता. सत्यवतीच्या बापाने अट घातली ती तिच्या मुलाला राज्य मिळावे अशी. देवव्रताने ती मान्य केली. बापाने पुढची शंका काढली की तू सोडशील, पण तुझी मुले? तेव्हा त्याने आजन्म ब्रह्मचर्य पत्करले. देवांनी फुले टाकली, भीष्म हे नाव मिळाले, बापाने इच्छामरणाचा वर दिला. या संपूर्ण व्यवहारात प्रजेला कुणी विचारले नाही. रामाचे उदाहरण शेजारी ठेवले की फरक दिसतो. रामानेही बापाच्या शब्दासाठी राज्य सोडले, पण त्या त्यागाला चौदा वर्षांची मुदत होती, आणि राज्य सोडताना त्याने नगरही सोडले. मागे राहिलेला भरत पादुका ठेवून नंदिग्रामात राहिला. सिंहासन कुणाचे आहे आणि आपण कोण आहोत याबद्दल त्याने संशयाला जागा ठेवली नाही. भीष्माच्या त्यागाला मुदत नव्हती आणि त्याने राजवाडाही सोडला नाही. सिंहासन सोडूनही तो सिंहासनाशेजारी उभा राहिला. पुढच्या तीन पिढ्यांची लग्ने, वारस आणि गृहकलह त्याच्याच देखरेखीखाली घडले.

प्रतिज्ञा ज्या हेतूसाठी होती तो हेतू काही वर्षांतच नाहीसा झाला. शंतनू वारला. सत्यवतीचा थोरला मुलगा चित्रांगद त्याच नावाच्या गंधर्वाशी लढताना मेला, धाकटा विचित्रवीर्य क्षयाने निपुत्रिक गेला. आता ज्या बाईच्या वंशासाठी भीष्माने राज्य सोडले होते तीच त्याच्यापुढे येऊन म्हणते की राज्य घे, लग्न कर, या विधवांना संतती दे. ऋणकोला धनकोनेच मोकळे करावे तसा हा प्रसंग आहे. भीष्म नाही म्हणतो. सृष्टीतली तत्त्वे आपापला धर्म सोडतील, पण मी माझे सत्य सोडणार नाही, असा त्याच्या उत्तराचा आशय आहे. इतकेच असते तर त्याला निष्ठा म्हणून सोडून देता आले असते. पण त्याच संवादात तो सत्यवतीला दुसरा मार्ग सुचवतो. परशुरामाने क्षत्रियांचा संहार केल्यावर क्षत्रिय स्त्रियांना ब्राह्मणांपासून संतती झाली, दीर्घतमा ऋषीपासून झाली, तेव्हा एखाद्या गुणी ब्राह्मणाला बोलवावे, असे तो सांगतो. म्हणजे आपत्काळात नेहमीचा नियम वाकवता येतो हे त्याला ठाऊक होते, त्याचे दाखले त्याच्या जिभेवर होते. नियम वाकला तो अंबिका आणि अंबालिका यांच्या अंगावर. अंबिकेला कोण येणार हे नीटसे सांगितलेही नव्हते. दीर येईल एवढेच कळलेली ती भीष्माचे आणि इतर कुरुवीरांचे चिंतन करत पडली होती, असे आदिपर्व सांगते. व्यासांना पाहून एकीने डोळे मिटले, दुसरी पांढरी पडली, तिसऱ्या वेळी दासीला पाठवले गेले. आपद्धर्म इतरांसाठी, नित्यधर्म स्वतःसाठी, अशी ही वाटणी आहे. उद्योगपर्वात भीष्माने त्या काळाची स्वतः सांगितलेली हकिगतही आहे: राज्याला राजा नव्हता, पाऊस पडत नव्हता, रोगराईने माणसे मरत होती, आणि प्रजा त्याच्याकडे येऊन राजा हो म्हणून विनवत होती. त्याने प्रतिज्ञेची आठवण सांगून प्रजेला परत पाठवले. त्यागाच्या गोष्टी सांगताना या विनवणीला आपल्याकडे जागा मिळत नाही, याचे मला वाईट वाटते.

अंबेचे प्रकरण कोकणाला जवळचे असायला हवे, कारण त्यात कोकणचा देव उभा आहे. काशीच्या तीन मुली भीष्माने स्वयंवरातून जिंकून आणल्या त्या स्वतःसाठी नव्हे, धाकट्या भावासाठी. त्यांतल्या अंबेने शाल्वाला मनाने वरले होते. हे तिने सांगितल्यावर भीष्माने तिला सन्मानाने परत पाठवले, एवढे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. पण जिंकून नेलेली मुलगी शाल्वाने स्वीकारली नाही, आणि तिला ना माहेर उरले ना सासर. ती परशुरामाकडे गेली. चिपळूणच्या घाटमाथ्यावर ज्याचे देऊळ आहे, ज्याने समुद्र हटवून ही भूमी वसवली असे परंपरा सांगते, तो परशुराम भीष्माचा शस्त्रगुरू. त्याने शिष्याला सांगितले की हिचे तू वाटोळे केलेस, हिला स्वीकार. शिष्याने नकार दिला आणि गुरु-शिष्यांचे अनेक दिवस युद्ध झाले. या युद्धाच्या तोंडावर भीष्म गुरूला जे सांगतो ते विसरू नये. कार्य कोणते आणि अकार्य कोणते याचे भान सुटलेला, गर्वाने वाकड्या वाटेला लागलेला गुरू असला तरी त्याला शासन करता येते, असे जुने वचन तो पुढे करतो. हे तत्त्व त्याला गुरूविरुद्ध आठवले. वाकड्या वाटेला लागलेल्या दुर्योधनाविरुद्ध तेरा वर्षांच्या वनवास-अज्ञातवासात आणि सेनापती म्हणून लढलेल्या दहा दिवसांत ते त्याने एकदाही लावून पाहिले नाही. अंबेची ही सगळी कथा आपल्याला सांगतो तोही भीष्मच, अंबेचाच पुनर्जन्म असलेल्या शिखंडीवर शस्त्र का धरणार नाही याचे कारण म्हणून, दुर्योधनाला. आरोपीच्या तोंडून आलेल्या जबानीतही इतके सत्य शिल्लक राहिले आहे, हे व्यासांच्या लेखणीचे सामर्थ्य आहे.

इथे टिळकांचे काम उपयोगी पडते. १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेला गेले, १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहून काढले आणि १९१५ साली ते प्रसिद्ध झाले. त्याच्या आरंभीचे ‘कर्मजिज्ञासा’ हे प्रकरण म्हणजे कर्तव्याच्या पेचांचा संग्रह आहे. त्यात हॅम्लेटही आहे आणि महाभारतातले दाखले तर पानोपानी आहेत, कारण दोन धर्मांची टक्कर दाखवणारा याहून मोठा ग्रंथ नाही अशी टिळकांची खात्री होती. पुढे त्यांनी जो सिद्धान्त मांडला तो सर्वांना माहीत आहे: गीता कर्म सोडायला सांगत नाही, कर्माच्या फळावरचा हक्क सोडायला सांगते. हा सिद्धान्त भीष्माला लावून पाहिला तर काय दिसते? राज्यभोग हे फळ होते, राज्यरक्षण हे कर्म होते. भीष्माने दोन्ही एकत्र सोडले आणि त्याला त्याग म्हटले गेले. गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत आणि वाट्याला आलेले कर्म मोहाने टाकून देणे हा त्यांतला सर्वांत खालचा प्रकार ठरवला आहे. भीष्माचा त्याग थेट त्या खान्यात टाकावा इतके मी म्हणणार नाही. तरुणपणी वडिलांवरच्या प्रेमाने उचललेले पाऊल होते ते. पण सत्यवतीच्या विनंतीनंतरही तो तसाच राहिला तेव्हा, टिळकांच्या भाषेत बोलायचे तर, त्यागच त्याचे फळ बनले होते. आपण प्रतिज्ञा न मोडणारे आहोत ही कीर्ती त्याला राज्याहून प्रिय झाली. आसक्ती नाहीशी झाली नाही. ती राज्यावरून प्रतिज्ञेवर जाऊन बसली.

काण्यांच्या साक्षीचे वजन वेगळ्या जातीचे. त्यांच्या ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’ या ग्रंथाचा पहिला खंड १९३० साली आणि अखेरचा १९६२ साली आला. पुढच्याच वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले. पेशाने ते वकील, आणि ग्रंथातली त्यांची पद्धतही वकिलाचीच: प्रत्येक विधानामागे वचन, वचनाविरुद्ध वचन, मग टीकाकारांचा निवाडा. त्यातून उभा राहणारा धर्म हा दगडात कोरलेला नियम नसतो. नियोग, म्हणजे अंबिका-अंबालिकांच्या बाबतीत घडलेली संततीची तजवीज, एका काळी मान्य होता, पुढे निंद्य ठरला, आणि कलियुगात वर्ज्य मानलेल्या गोष्टींच्या यादीत त्याचा समावेश झाला, ही वाटचाल काण्यांनी तपशिलाने दाखवली आहे. शास्त्रकारांनी एकेकाळच्या शास्त्रोक्त आचारांनाच बाजूला सारले, कारण ते लोकांना नकोसे झाले होते. आपद्धर्म हा धर्माला पाडलेला चोरदरवाजा नव्हता. तो धर्माचाच एक अध्याय होता. ही परंपरा समोर ठेवली की भीष्माच्या बाजूने नेहमी केला जाणारा बचाव, म्हणजे त्या काळी शब्द म्हणजे शब्द होता आणि दुसरा मार्गच नव्हता, हा इतिहासाला धरून नाही हे दिसते. मार्ग होते, शास्त्रात होते, आणि ते त्याला तोंडपाठ होते.

तिसरी साक्ष कर्व्यांच्या घरातली, आणि माझ्या मते सर्वांत मोलाची. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पुरी केली. ज्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे नाव त्या संस्थेला आहे ते मालवणचे, म्हणजे त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यातलेच. दुसऱ्याच वर्षी, १९६७ साली, ‘युगान्त’ प्रसिद्ध झाले. इरावतीबाई मानवशास्त्रज्ञ होत्या. कुळ, लग्न आणि नाती यांचा अभ्यास हा त्यांचा रोजचा व्यवसाय होता. म्हणून भीष्माकडे पाहताना त्यांनी प्रतिज्ञेच्या तेजाऐवजी त्या घरात आलेल्या बायकांकडे पाहिले. अंबा, अंबिका, अंबालिका. आंधळ्या धृतराष्ट्रासाठी मागणी घालून आणलेली गांधारी. शल्याला द्रव्य देऊन पंडूसाठी आणलेली माद्री. ज्याने स्वतः लग्न केले नाही त्याने इतरांची लग्ने किती लावली आणि त्यांतून किती बायकांचे आयुष्य विझले, हा हिशेब मराठीत इतक्या स्पष्टपणे पहिल्यांदा त्यांनी मांडला. त्यांनी त्याला केवळ दोषी ठरवले असेही नाही. त्या प्रकरणाचे नाव ‘शेवटचा प्रयत्न’ आहे. इतक्या म्हातारपणी सेनापतिपद घेण्यामागे विनाश टाळण्याची अखेरची धडपड असावी, असा त्यांचा तर्क आहे. त्याच वर्षी शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ आली आणि मराठी वाचकाने कर्णाला मनापासून जवळ केले. एकाच वर्षी आलेल्या या दोन पुस्तकांत मराठी मनाचे दोन कल दिसतात: एक त्याग करणाऱ्याकडे पाहतो, दुसरा त्यागाची किंमत मोजणाऱ्याकडे.

ही दुसरी नजर त्या घरात कुठून आली असेल, याचा विचार करताना सासऱ्यांचे चरित्र आठवल्याशिवाय राहत नाही. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली गोदूबाई या विधवेशी लग्न केले आणि मुरूडने त्यांना बहिष्काराची शिक्षा दिली. १८९६ साली विधवांसाठी आश्रम, १९०८ साली निष्काम कर्म मठ, १९१६ साली महिला विद्यापीठ असा त्यांचा प्रवास आहे. मठ म्हणजे शपथबद्ध कार्यकर्त्यांची संस्था होती. स्वतःला काही न ठेवता स्त्रीशिक्षणाचे काम करायचे, ही शपथ. म्हणजे इथेही प्रतिज्ञा आहे, गीतेतूनच घेतलेले नाव आहे. फरक असा की ज्या बायकांची आयुष्ये भीष्माच्या प्रतिज्ञेखाली चिरडली गेली, नेमक्या तशा बायकांसाठी ही प्रतिज्ञा होती, आणि समोरचे काम बदलले की तिचे रूप बदलायला जागा होती. तरीही चित्र गुळगुळीत करू नये. गोदूबाईंनी, म्हणजे आनंदीबाई कर्व्यांनी, ‘माझे पुराण’ मध्ये संसाराच्या ओढाताणीची बाजू स्वतः सांगितली आहे. नवरा संस्थेला सर्वस्व देत असताना घर कसे चालते, हे तिथे वाचायला मिळते. त्याग शंभर टक्के स्वतःच्याच खिशातून कुणालाच करता येत नाही. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी ताटातले त्यात जाते. म्हणून त्यागाबद्दल विचारायचा पहिला प्रश्न हाच की ज्याच्या ताटातले जाते त्याला विचारले का, आणि तो बोलला तर ऐकले का. आनंदीबाई बोलल्या आणि त्यांचे पुस्तक झाले. अंबा बोलली तेव्हा तिला दुसरा जन्म घ्यावा लागला.

यानंतर सभापर्वाकडे गेले की मौनाचे कोडे राहत नाही. द्रौपदीने विचारलेला प्रश्न कायद्याचा होता: आधी स्वतःला हरलेल्या माणसाला मला पणाला लावण्याचा अधिकार उरतो का? भीष्म म्हणाला की धर्माची गती सूक्ष्म आहे; ज्याचे काही उरले नाही तो दुसऱ्याचे पणाला लावू शकत नाही, पण बायको नवऱ्याच्या सत्तेत असते, तेव्हा निर्णय देता येत नाही. कुळातला सर्वांत वडील, सर्वांत बलवान आणि धर्माचा सर्वांत मोठा जाणकार इथे नियम वाचून दाखवतो आणि थांबतो. सिंहासनावर हक्क नसल्यामुळे निकाल देण्याची जबाबदारीही आपली नाही, अशी सवय त्याला साठ-सत्तर वर्षे लागलेली होती. राज्य सोडताना त्याने उत्तरदायित्वही सोडले होते. वजन मात्र त्याच्याकडेच राहिले. सभेत बोलला तो कौरवांतला तरुण विकर्ण, आणि दासीपुत्र विदुर. दोघांकडेही ना सत्ता होती ना कीर्ती.

आता आक्षेप. पहिला असा की आजच्या मापाने जुन्या माणसाला मोजणे अन्याय्य आहे. पण इथे मापे आजची नाहीत. सत्यवती, परशुराम, विदुर, विकर्ण, द्रौपदी, राजसूय यज्ञात भीष्माला अंबेवरून टोचणारा शिशुपाल, हे सगळे त्याच ग्रंथातले, त्याच काळाचे आवाज आहेत. शिशुपालाचा हेतू वाईट होता हे खरे. त्यामुळे अंबेची हकिगत खोटी ठरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याला पूर्ण मान देऊन उत्तर दिले पाहिजे. सोयीप्रमाणे प्रतिज्ञा मोडायला मोकळीक दिली तर शब्दाला किंमत काय राहील? ज्या समाजात लेखी करार नाहीत तिथे दिलेला शब्द हाच समाजाचा पाया असतो. मला हे मान्य आहे, आणि व्यासांनाही होते. म्हणून त्यांनी कर्णपर्वात हाच प्रश्न पुन्हा आणला. कर्णाकडून घायाळ होऊन छावणीत परतलेला युधिष्ठिर रागाने अर्जुनाला म्हणतो की तुझे गांडीव दुसऱ्या कुणाला देऊन टाक. असे म्हणणाऱ्याला ठार मारीन ही अर्जुनाची गुप्त प्रतिज्ञा. तो तलवार उपसतो. कृष्ण त्याला अडवतो, मूर्ख म्हणतो, आणि कौशिकाची गोष्ट सांगतो: खरे बोलण्याच्या व्रतापायी ज्याने दरोडेखोरांना लपलेल्या माणसांचा पत्ता सांगितला आणि म्हणून जो नरकात गेला. मग कृष्ण प्रतिज्ञा मोडायलाही सांगत नाही. वडील माणसाला एकेरी बोलणे हा त्याचा वधच, म्हणून तसे बोल, असा मार्ग तो काढतो. शब्दाची किंमत टिकते आणि माणूसही जिवंत राहतो. सत्य हे प्राणिमात्रांच्या धारणेसाठी आहे, त्या धारणेवर उलटले तर ते सत्य राहत नाही, हा या प्रसंगाचा अर्थ टिळकांनीही ‘कर्मजिज्ञासे’त विचारात घेतला आहे. आणि कृष्णाने स्वतः काय केले? युद्धात शस्त्र धरणार नाही असे ठरवलेला कृष्ण, तिसऱ्या दिवशी भीष्म पांडवसेनेची कत्तल करत असताना, रथातून उडी टाकून चक्र घेऊन त्याच्यावर धावला. नवव्या दिवशी हातात चाबूक घेऊन पुन्हा धावला. प्रतिज्ञा पाळणाऱ्या महापुरुषासमोर प्रतिज्ञा बाजूला ठेवणारा महापुरुष उभा करणे, तेही एकाच रणांगणावर दोनदा, हे व्यासांच्या हातून सहज झालेले नाही.

तिसरा आक्षेप मिठाचा. भीष्माने कौरवांचे अन्न खाल्ले होते, तो बांधलेला होता. युद्धाच्या सकाळी आशीर्वाद मागायला आलेल्या युधिष्ठिराला त्याने स्वतः हेच कारण दिले की माणूस अर्थाचा दास असतो आणि कौरवांनी मला त्याने बांधले आहे. या वाक्यात मोठी वेदना आहे आणि ती मी नाकारत नाही. पण हिशेब उलटा आहे. ज्या राज्यावर मूळचा हक्क त्याचा, जे राज्य त्याने दोन पिढ्या सांभाळले, त्याच राज्याचे अन्न खाल्ल्याचे ऋण त्याने दुर्योधनाला का द्यावे? ते अन्न प्रजेचे होते. कर्णाची गोष्ट थोडी वेगळी, कारण दुर्योधनाने त्याला खरोखरच प्रतिष्ठा दिली होती. पण मराठी कादंबऱ्यांनी त्या निष्ठेला इतके उजळवले की सभेत द्रौपदीबद्दल त्याने काढलेले शब्द झाकले गेले. त्या शब्दांचा पश्चात्ताप होतो असे कृष्णाला सांगणारा उद्योगपर्वातला कर्ण मला कादंबऱ्यांतल्या कर्णाहून मोठा वाटतो.

चौथा आक्षेप असा की भीष्म वाईट असता तर शरपंजरावरून धर्म सांगण्याचा मान व्यासांनी त्याला दिलाच नसता. शांतिपर्व आणि अनुशासनपर्व त्याच्या तोंडी आहेत. हा मान खरा आहे आणि मी तो कमी करू इच्छित नाही. मात्र तिथे तो काय शिकवतो ते पाहावे. राजाने प्रजेला गर्भिणी जसे गर्भाला जपते तसे जपावे. आपत्काळात नियम वेगळे असतात. सत्य बोलण्याने निरपराधांचा घात होत असेल तर तिथे असत्यच बरे. आयुष्यभर जे स्वतःला लावले नाही ते सगळे तो नातवाला देऊन जातो. लोकपरंपरेला ही विसंगती फार पूर्वी दिसली होती. धर्म सांगणाऱ्या भीष्माकडे पाहून द्रौपदी हसली आणि तेव्हा हे कुठे होते असे तिने विचारले, अशी कथा कीर्तनकार सांगतात. दुर्योधनाच्या अन्नाने झालेले रक्त आता बाणांनी वाहून गेले, असे तो तिला उत्तर देतो. चिकित्सक आवृत्तीत ही कथा नाही. पण ज्या श्रोत्यांनी ती मागून घेतली त्यांना प्रश्न नेमका कळला होता.

आणि मार्ग नव्हता हे शेवटचे म्हणणेही टिकत नाही. बलराम कुठल्याच बाजूने न लढता तीर्थयात्रेला निघून गेला. धृतराष्ट्राचाच मुलगा युयुत्सू, वैश्य स्त्रीच्या पोटचा, दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी असताना युधिष्ठिराने हाक दिल्यावर सगळ्यांसमक्ष बाजू बदलून पलीकडे गेला. त्यानेही कौरवांचेच अन्न खाल्ले होते, दुर्योधन त्याचा भाऊ होता. त्याला कुणी कृतघ्न म्हटल्याचे महाभारतात आढळत नाही. युद्धानंतर छत्तीस वर्षांनी पांडव महाप्रस्थानाला निघाले तेव्हा परीक्षिताला गादीवर बसवून युधिष्ठिराने सगळ्या राज्याची देखरेख याच युयुत्सूवर सोपवली. नवा राजा आणि शेजारी वडीलधारा रखवालदार, ही भीष्माचीच जागा होती. ती या वेळी प्रतिज्ञा न केलेल्या आणि वेळेवर घर सोडलेल्या माणसाला मिळाली.